पॅराशूटच्या कार्डावरची सही

श्यामकाका लिमये माझे मित्र होते. आहेत की नाही, हे अजून मला सांगता येत नाही.

ते सत्त्याहत्तर वर्षांचे, मी पंचवीसची. मांडवीत त्यांचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. आंब्याच्या हंगामाआधी ते झेल्यांना जाळीही विणून देतात. झेला म्हणजे आंबा काढायची काठी; तिच्या टोकाशी ती जाळी लागते. "आंबा जमिनीला लागला की संपला," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. एमए होऊन मी घरी बसले होते. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे.

एकाहत्तरच्या युद्धात ते हवाई दलात होते. लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये पॅराशूटच्या घड्या घालायचे. लांबलचक टेबल, त्यावर रेशमासारखं कापड, एकेक दोरी मोजून लावायची. पाच डिसेंबरला एका वैमानिकाचं विमान पेटलं. तो उडी मारून वाचला. तिसऱ्या दिवशी रमची बाटली घेऊन त्यांच्या टेबलापाशी आला. घडी घालणाऱ्याला बाटली द्यायची, अशी रीतच होती. पुढे दरवर्षी पाच डिसेंबरला त्याचा फोन यायचा. दोन वर्षांपूर्वी तो वारला.

ती बाटली काकांच्या कपाटात होती. न उघडलेली. सव्वीस जानेवारीला शाळेत काकांचा सत्कार व्हायचा, तेव्हा बाटलीचा उल्लेख हमखास. लहानपणी मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

यंदा जानेवारीत स्क्वाड्रनच्या इतिहासाची कच्ची प्रत आली. निवृत्त अधिकारी अनिल सामंत तो लिहीत होते. काकांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी दुकानात बसून वाचून दाखवत होते. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. पाच डिसेंबरचं पान झालं. काकांचं नाव ठळक छापलेलं होतं. मी त्यांच्याकडे बघून हसले. ते हसले नाहीत.

पुढे बारा डिसेंबर. दुसरा वैमानिक. धावपट्टीपासून दोन मैलांवर त्याने उडी मारली. पॅराशूट अर्धंच उघडलं, तो वाचला नाही. "चौकशीत दोष केरू भुवड याच्या घडीत आढळला," मी वाचलं.

काकांच्या हातातली सुई थांबली.

"ती घडी माझी होती," ते म्हणाले.

"कुठली?"

"बाराची. पाचची केरूची."

मला कळेना. मी पान मागे उलटलं, पुढे उलटलं.

"प्रत्येक पॅराशूटला कार्ड असायचं गो. घडी घालणारा त्यावर सही करायचा. केरू माझ्याच टेबलावर घड्या घालायचा, त्याला इंग्रजी भरायला वेळ लागायचा. मग त्याचीही कार्डं मीच भरायचो. सही माझी. युद्धात कोण बघतो? बाटली घेऊन आला त्याने कार्डावरचं नाव वाचलं. केरू शेजारीच उभा होता. हसून म्हणाला, घे रे भटा, सही तुझीच ना. घेतली."

"आणि बाराला?"

"साहेबांनी कार्ड पुढे ठेवलं. मी म्हटलं, सही माझी, घडी केरूची. त्याची कार्डं मी भरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. केरूही बोलला. पण माझं इंग्रजी बरं होतं."

केरूला टेबलावरून काढून गोदामात टाकलं. बढती मिळाली नाही. मुदत संपल्यावर तो चिपळूणच्या वर आपल्या गावी गेला.

मी प्रत टेबलावर ठेवून निघून आले. दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी काकाच दारात उभे. पिशवीत बाटली.

"पुस्तक छापायला जातंय. त्याआधी केरूला भेटायला हवं. माझ्याने एकट्याने जाववत नाही."

मी गेले. का, ते माहीत नाही.

केरूकाका पडवीत बसले होते. दोन्ही हातांची बोटं संधिवाताने वाकलेली. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"श्याम? आलास व्हय! पन्नास वर्षांत चिपळूण लांब गेलं काय रे?"

काकांनी बाटली पुढे ठेवली.

"आता डागतरानं बंद केलीय. पाच वर्षं आधी आणायचीस."

काका सगळं बोलले. पुस्तकात दुरुस्ती करतो म्हणाले.

"त्या इंग्रजी पुस्तकाचं मी काय करू? गावात कोण वाचणार हाय?" केरूकाका म्हणाले. "शिमग्याला पालखीत देवाची रुपं बांधायचा मान आमच्या घराचा. फौजेतल्या एकानं गावाला बातमी सांगितली. भावकी म्हणाली, ज्याच्या हातची घडी माणसाला मारते, त्याच्या हातात देव द्यायचा नाही. तवापासून मी लांब उभा राहून बघतो."

केरूकाकांनी बाटली काकांकडे सरकवली.

"शिमग्याला ये. सहाणेवर, सगळ्यांच्या पुढं बोल. नाय जमत तर ही बाटली घेऊन जा."

बाटली तिथेच राहिली. त्याच संध्याकाळी मी सामंतांना पत्र टाईप केलं. काकांनी सही केली. सामंतांचा फोन आला, "त्यांना पुरतं कळतंय ना, काय कबूल करताहेत ते?" मी हो म्हटलं.

शिमग्याला आम्ही गेलो. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. भोवती सगळा गाव. काका वर चढले. चारच वाक्यं बोलले. चौथं होतं, "मी खोटं बोललो." मागून कोणीतरी शिवी दिली. काका खाली उतरले आणि तिथेच उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी नव्हते.

गावकर म्हणजे गावचे मुख्य मानकरी; त्यांनी पालखीपाशी वाट मोकळी करायला लावली. मग म्हणाले, "केरूदादा, ये."

केरूकाका पालखीपाशी गेले आणि रुपं, म्हणजे देवाचे मुखवटे, बांधायचा दोर हातात घेतला. बोटं वळत नव्हती. दोर निसटला. पुन्हा निसटला. रितेश, त्यांचा नातू, पुढे झाला. त्यांनी त्याला कोपराने मागे सारलं. ढोलवाले काठ्या धरून थांबले होते.

तिसऱ्यांदा गाठ बसली. केरूकाकांनी ती ओढून पाहिली. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथूनही ओढून पाहिली.