खिडकीबाहेरचे पांढरीपांडे सर

दारव्ह्याच्या कॉलेजात गणित शिकवणारे यज्ञेश्वर पांढरीपांडे हे काळजी करण्यात डॉक्टरेट घेतलेले गृहस्थ. गणितातली डॉक्टरेट मात्र राहून गेली, कारण ती करण्याची सगळी वर्षं त्यांनी मार्गदर्शकांच्या ब्लडप्रेशरची काळजी करण्यात घालवली. सकाळी घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येतात आणि ते ओढून बघतात. आतून बायको, कुंदाताई, ओरडतात, "अहो, मी घरात आहे!"

असा हा माणूस दर रविवारी कॉलेजात गणित कट्टा भरवतो. परीक्षेत न येणारी गणितं, फुकट शिकवणी आणि वर कुंदाताईंचे पोहे. सुरुवातीला आलेल्या चौघांपैकी दोघं पोह्यांसाठी आले होते. पण टिकले. कट्ट्याचा कायदा एकच: फळ्याशी उभ्या असलेल्याला कुणी काही सुचवायचं नाही. अडू दे, घामाघूम होऊ दे, खडू मोडू दे, बाकीच्यांनी गप्प बसायचं. हा कायदा सरांनी स्वतःला आवरण्यासाठीच केला होता. तो मोडणारं दुसरं कोणी नव्हतंच.

कट्ट्यावरची सगळ्यात हुशार पोर म्हणजे निशिगंधा. तिला बी.एस्सी.ला गणितच घेऊ द्या, हे सांगायला सर जीपच्या मागच्या फळीवर लटकत तिच्या गावी गेले होते. तिचे वडील बबनराव कपाशीत फवारणी करत होते.

"गणितात पुढं काय असते, सर?"

"पुढंही गणितच असतं."

"मंग ते संपते कवा?"

"संपत नाही," सरांनी कबूल केलं. बबनरावांना तो प्रामाणिकपणा आवडला असावा, कारण त्यांनी पोरीला गणित घेऊ दिलं.

आता तिला एका मोठ्या संस्थेच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी मुलाखत होती. महिनाभर तिथं राहून खऱ्या गणितज्ञांबरोबर काम करायचं. मुलाखत लॅपटॉपवर, आणि नेट टिकतं ते फक्त गणित विभागाच्या खिडकीपाशी. निशिगंधा खिडकीच्या आत बसली. सर खिडकीच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून, तोंडात रुमालाचा बोळा धरून. बबनराव समोरच्या कडुनिंबाखाली.

पडद्यावरच्या मॅडम मराठी निघाल्या, हे नशीब. त्यांनी विचारलं, "फळ्यावर एक ते दहा आकडे आहेत. कुठलेही दोन पुसायचे आणि त्यांच्यातला फरक लिहायचा. असं करत शेवटी एकच आकडा उरतो. तो शून्य असू शकेल?"

निशिगंधानं कागदावर करून पाहिलं. एक उरला. पुन्हा केलं. तीन उरला. पुन्हा एक. मग ती थांबली.

ती थांबली तसा सरांनी तोंडातला बोळा काढून कपाळ पुसलं. मिनिट गेलं. पोरीचं वर्ष जाणार, बबनराव म्हणणार, कायले पाठवलं, कट्टा बंद पडणार, पोहे वाया जाणार...

"बेरीज बघ, बेरीज! सम का विषम!"

हे आपण मनात म्हणालो, अशी सरांची समजूत होती. पण कडुनिंबावरचे कावळे उडाले.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "तुमच्यासोबत कुणी आहे का?"

नाही म्हणता आलं असतं. निशिगंधानं एकदा खिडकीकडे पाहिलं. "आमचे सर आहेत, मॅडम. बाहेर. त्यांना राहवत नाही."

"मग हा प्रश्न आता तुमचा राहिला नाही."

"हो. दुसरा द्या."

सर तिथून निघाले ते थेट फाटकापाशी थांबले. बबनराव धावत मागे आले. "काय झालं, सर?"

"मी बुडवलं हो तिला."

"काहून? तिले येत नव्हतं का?"

"येणारच होतं. मलाच दम निघाला नाही."

बबनराव म्हणाले, "सर, तुमाले पेरणीले नाही बोलावणार मी. तुमी उगवलं का म्हणून रोज उकरून पाहसान."

सर हसले नाहीत. पोरीला काय तोंड दाखवायचं, हे जुळवत ते उभे राहिले, आणि जुळायच्या आत ती समोर आलीही.

"दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड होता, सर. अर्धाच झाला."

"अर्धा," सर म्हणाले. 

"मॅडम म्हणाल्या, उरलेला मे महिन्यात इथं येऊन करा."

"म्हंजे घेतलं का नाही घेतलं?" बबनरावांनी विचारलं.

"घेतलं, बाबा. फक्त इतकंच विचारलं, तुमचे सर सोबत येणार आहेत का? मी नाही म्हटलं."

"बरं केलंस," सर म्हणाले, डोळे पुसले, आणि लगेच, "तो अर्धा नेमका कुठं अडला?"

"सांगत नाही. तुमी सोडवून देसान."