शब्द टिपणारे सर

“थांब, परत म्हण!” असं म्हणत सर शर्टाच्या खिशातून कोरी चिठ्ठी काढायचे. समोरचा माणूस घाईत असो नाहीतर रडत असो, नवा शब्द कानावर पडला की तो लिहून झाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

कर्जतच्या बाजारात एकदा दोन मासळीवाल्या कडाकडा भांडत होत्या. सर मधे शिरले. आम्हाला वाटलं, सोडवायला गेले. तर म्हणाले, “ताई, तो शेवटचा शब्द परत म्हणता का? लिहायचा राहिला.” मग एकीला असं काही हसू फुटलं, की भांडण तिथंच संपलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर कर्जत-खालापूरच्या बोलीचा कोश करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन ते माझ्या टायपिंगच्या दुकानात यायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना जरा वेडंच समजतो. मीही समजायचे.

माझं लग्न ठरलं तेव्हा टाइप करता करता मी म्हणाले, “आई हळद लावायला पुढे येणार नाही म्हणते. बाबा नाहीत ना.”

सरांनी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, “माझ्या लग्नात माझी आई दाराआड उभी होती. मला दिसत होती. मी गप्प राहिलो.”

हळदीच्या दिवशी ते कडावला, आमच्या गावी, मांडवात हजर. आई स्वयंपाकघरात. आत्या हळदीची वाटी घेऊन सवाष्णींना हाका मारत होती. सरांनी आईला बाहेर बोलावलं.

“हिला वाढवली कुणी?”

“मीच की. दुसरं कोन हाय?”

“मग पहिली हळद तुमची.”

आत्या घाबरली. “सर, लोकं काय म्हनतील?”

“जे म्हणतील ते लिहून घेईन. मला शब्द हवेच आहेत.”

मांडवात हशा पिकला. आई मात्र हसली नाही, तशीच उभी राहिली. मी म्हणाले, “ये ना गं आई.” शेवटी आत्यानंच वाटी तिच्या हातात दिली. “लाव गं वहिनी.” आईनं माझ्या दोन्ही गालांना हळद लावली. सर खांबाला टेकून भलतीकडेच बघत होते.

गेल्या वर्षी सर गेले. कोश ‘स’पर्यंत आला होता. उरलेल्या चिठ्ठ्या मी टाइप करतेय. अक्षर इतकं भयंकर, की एकेका शब्दासाठी गावोगाव विचारत फिरावं लागतं. फिरते.

यंदा माघात माझ्या माहेरी शेजारच्या घरी लग्न होतं. नवरीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले. पुढं हळद चालली होती आणि नवरीची आई मागच्या पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. माझी आई, कुणी काही न सांगता, तिच्याजवळ गेली. तिच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं.

“ऊठ गं,” म्हणाली, “पोरगी वाट बघते तुजी.”