वर केलेला हात

चार वर्षांपूर्वी मी तरुण होते, बासष्टची. अक्कल त्याहून तरुण. जळगाव जामोदकडच्या आमच्या गावात नाल्याला पूर आला आणि अर्ध्या गावाच्या मातीच्या भिंती बसल्या. मग ग्रामसभा भरली. मदतीच्या पैशातून नाल्याला पक्की भिंत बांधून घरं इथंच उभी करायची, की गाव उचलून वरच्या बरडावर, खडकाळ माळावर न्यायचं?

शेजारची आपा, मशीनवर कपडे शिवणारी, मला कोपरानं ढोसत होती. "बाई, इथंच राहू. नाला बांधला का झालं."

पण जावेनं बरडावरच्या न्हाणीच्या फरशीचा रंगही ठरवला होता. ती पुढं जाणार आणि मी मागं? मी दोन्ही हात वर केले.

"आजी, एकच मोजतो," ग्रामसेवक म्हणाला. सभा हसली, मी मिरवले. बरडाचा ठराव झाला.

महिन्याभरानं बरडावरच्या प्लॉटची यादी लागली. सुनेनं वाचली. आमचं नाव होतं, आपाचं नव्हतं.

"पुन्हा वाच."

पुन्हाही नव्हतं.

"घराची नोंद ज्याच्या नावावर, त्यालेच प्लॉट," ग्रामसेवक म्हणाला. "अन् जुनं घर पाडून द्या लागते."

आपाच्या सासऱ्याला माझ्या सासऱ्यांनी आमच्याच अंगणात जागा दिली होती, पानसुपारी देऊन, तोंडी. कागद मागणं म्हणजे अपमान. मधली भिंत दोन्ही घरांची एकच. माझं घर पाडलं की तिचं छप्पर खाली. त्याच भिंतीतल्या खिडकीतून मी चाळीस वर्षं तिच्याकडून विरजण घेतलं. हात वर करताना मात्र नुसती फरशी दिसत होती.

"माहा हात खाली घ्या," मी म्हटलं.

"तो ठरावात गेला, आजी."

"मंग अर्धा प्लॉट तिच्या नावानं लिहा."

"तसं होत नाही."

मिळालेला प्लॉटचा कागद त्याच्या टेबलावर परत ठेवून मी घरी आले. जाऊ वर गेली, बरंचसं गाव गेलं. पैसाही त्यांच्यासोबत बरडावर गेला. नाला होता तसाच राहिला.

आता पावसाळ्यात आम्ही दोघी खिडकीच्या दोन बाजूंना बसून पाण्यावर नजर ठेवतो.

"पाणी चढलं तर सांगजो, बाई," आपा म्हणते. "पण तोंडानं सांग. हात वर करू नोको."