फ्लेक्सच्या खालच्या रांगेत

निवडणुकीचं सामान जमवायचा माझा छंद जुना आहे. मतदान केंद्रावर ड्युटी लागायची, येताना सापडेल ते पर्समध्ये टाकून आणायची: बिल्ले, कागदी टोप्या, नमुना मतपत्रिका. सगळ्याची वही आहे. वस्तू, गाव, निवडणूक, स्थिती. फ्लेक्स मात्र घरात मावत नाही, म्हणून त्याची फक्त खालची पट्टी कापून ठेवते. वरचा नेता सगळीकडे सारखाच असतो. खाली शुभेच्छुकांची रांग असते, नावांसकट, आणि ती दर गावाला वेगळी.

निकाल लागला की लोक फ्लेक्स उतरवून नेतात. कुणी गोठ्यावर टाकतं, कुणी सोयाबीनच्या ढिगावर. छापलेली बाजू बहुतेक वेळा आत असते. अर्धापूरजवळ एका गोठ्यात मी वाकून शिरले, वर पाहिलं, तर बारा जण माझ्याकडे बघत होते. तेव्हापासून मी आत शिरण्याआधी खाकरते. का, ते माहीत नाही.

पट्ट्या गुंडाळून ठेवल्या की शाई चिकटते. म्हणून दिवाळीआधी एकदा त्या गच्चीवर पसरायच्या आणि टाल्कम पावडर लावून पुन्हा गुंडाळायच्या. उन्हानं फ्लेक्सच्या कडा वळतात. भर दुपारी गच्चीवर शे-दोनशे माणसं हळूहळू माना उचलायला लागतात. "भरली का तुझी ग्रामसभा?" असं आमचे हे जिन्यातूनच विचारतात. वर येत नाहीत.

गेल्याच्या गेल्या वर्षी या कामाला आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई मदतीला आली होती. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी लातूरला हमालीला गेला, तो परतला नाही. आता दिरानं ठरवलं होतं, येत्या अमावास्येला प्रेताऐवजी पुतळा जाळून त्याचं क्रियाकर्म उरकायचं. म्हणजे तिचं कुंकू जाणार होतं. पावडर लावता लावता ती थांबली.

"मॅडम, हे आमचे मालक हायेत."

खाली नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. मी ते दाखवलं.

"नाव बदललं असंल."

मी वही काढली. पट्टी मागच्या विधानसभेची, औशाच्या रस्त्यावरची. म्हणजे नवरा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी छापलेली. मी हे मोठ्यानं वाचलं, आणि वाचायला नको होतं असं लगेच वाटलं.

कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्या दुकानाचं नाव होतं. रविवारी आम्ही दोघी एसटीनं लातूरला गेलो. दुकानदारानं पट्टी बघितली आणि हसला.

"रांगेत एक जागा रिकामी दिसली की साहेब चिडतात. ज्याचा फोटो वेळेवर आला नाही, त्याच्या जागी मी माझ्याकडचा एक लावतो."

"आणि ज्याचं नाव आहे तो माणूस?"

"तो खूश. म्हणला, माझ्यापेक्षा बरा दिसायलाय."

फोटो हमालांच्या ओळखपत्रासाठी त्याच दुकानात, निळ्या पडद्यासमोर काढलेला होता. कॉम्प्युटरवर तारीख सात वर्षांपूर्वीची. मला कळायचं ते कळलं. तिला कसं सांगावं याचे शब्द मी जुळवत होते.

"हेच का लावता?" तिनं विचारलं.

"ह्यांना कुणी ओळखत नाही ताई. ओळखीचा चेहरा लावला की भांडणं."

त्यानं एकेक फाईल उघडून दाखवली. उदगीर, निलंगा, चाकूर, अहमदपूर. तीच किंचित तिरकी मान. कुठे उपसरपंच, कुठे युवा नेते, कुठे गणेश मंडळाचे अध्यक्ष. नाव दर वेळी नवं, वय तेवढंच.

"म्हणजे फिरायलेत," ती म्हणाली.

मग तिनं शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला आपला फोटो पर्समधून काढून काउंटरवर ठेवला. "पुढच्या खेपेला शेजारी माझा लावा. कुठं दिसला तर कळंल त्यांना, मी हाय म्हणून."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं फोटो स्कॅन करून घेतला.

"छापून येणारा माणूस मेला कसा म्हणता?" असं तिनं घरी विचारलं. दीर म्हणाला, पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबतो, नंतर एक दिवस नाही.

ती निवडणूक झाली. माझं माहेर शिरूर अनंतपाळकडचं. निकालानंतर नेहमीसारखी तिकडे गेले. एका शेतातल्या शेडमध्ये खाकरून शिरले. रांगेत तो होता. त्याच्या शेजारी चौकोनी भोक होतं, आणि त्यातून चेहऱ्याएवढं ऊन खाली शेणावर पडलं होतं. भोकाखाली एका बाईचं नाव तसंच होतं. ते अर्थातच आमच्या बाईचं नव्हतं.

"हे कुणी कापलं काका?" मी शेतकऱ्याला विचारलं.

"आला होता एक जण. पाणी मागितलं, मग बसला वर बघत, लई वेळ. म्हणला, एवढं घेऊ का? म्हणलं घे बापा."

"दिसायला कसा होता?"

"तोंडाला गमछा होता. पाणीबी पाठ करून पिला."

ती पट्टी मी कापली नाही. एसटीत बसून शक्यता लिहून काढल्या. जिचं नाव होतं तिच्या घरचं कुणी असेल. दुसऱ्याच बाईचा फोटो खपला नसेल. पण मग नाव का ठेवलं? वही मिटली.

सोमवारी शाळेच्या स्वयंपाकघरात तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"फाडलं होतं का कापलं होतं?"

"कापलं होतं. चारी बाजू सरळ."

"आन् त्यांचा सोताचा?"

"तो तसाच होता."

तिनं पातेल्यात तांदूळ सोडले, ढवळले, झाकण ठेवलं.

"म्हणजे यायचं न्हाई त्यांना," ती म्हणाली. "पण पुतळा मी होऊ देत न्हाई आता."