दोन ठोके

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. साधं ‘पाणी दे’सुद्धा ती गेटपर्यंत ऐकू जाईल असं म्हणायची. हसायचे मेले! ती बहिरी झाली होती, हे फक्त मला ठाऊक होतं.

आमचा कारखाना प्लास्टिकच्या बादल्यांचा. वाकड्या, फुटक्या निघालेल्या बादल्या मागच्या शेडमध्ये यायच्या. आम्ही नणंद-भावजय पकडीने त्यांच्या तारेच्या कड्या उपटायचो, बादल्या क्रशरमध्ये टाकायचो आणि चुरा पोत्यांत भरायचो. तो पुन्हा वितळवायला दुसरीकडे जायचा. त्या क्रशरनेच तिचे कान गिळले. साहेबांना कळलं असतं तर तिला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि दादा गेल्यापासून तिच्या लेकरांचं पोट त्याच पगारावर होतं.

माल अडकला की मशीन बंद करून मी त्याच्या तोंडात हात घालायचे. वहिनी पलीकडे, बटणापाशी. शेडची रीत अशी की हात बाहेर काढल्यावर ओरडायचं, मगच बटण. तिच्यापुढे ओरडून काय उपयोग? म्हणून ती मशीनच्या पत्र्याला तळवा लावून उभी राहायची आणि मी दोन ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे ‘हो’. आम्हाला आमच्या हुशारीचं कोण कौतुक!

त्या दिवशी ट्रक दारात येऊन उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. एक कडी चुकून आत गेली आणि पात्यांत अडकली. मी जोर लावून ओढताना कोपर पत्र्यावर आपटलं. तोल सावरताना पुन्हा आपटलं.

तिने बटण दाबलं.

माझी किंकाळी म्हणे गेटपर्यंत गेली. तिला नाही ऐकू आली. हमालाने धावत येऊन मशीन बंद केलं, तेव्हा ती वळली.

उजव्या हाताची चार बोटं गेली. साहेब दवाखान्यात आले, वहिनीच्या मागे उभे राहिले. ती खाटेची लोखंडी कड धरून माझ्या बँडेजकडे बघत रडत होती. मला तिचं तोंडही बघवत नव्हतं, इतका राग आला होता.

“काय झालं नेमकं?” साहेबांनी विचारलं.

“हात बाहेर आला असं वाटून मीच ओरडले, साहेब. तिने रीतीप्रमाणे बटण दाबलं.”

“खरं का हो बाई?” ते तिच्या पाठीला म्हणाले. ती ढिम्म. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “बाई, ऐकू येतंय ना?”

मेली, लेकरांना काय खायला घालणार आहे! मी धड हाताने खाटेच्या लोखंडावर दोन ठोके दिले.

तळव्याला ठोके जाणवले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“हो!” ती ओरडली. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.