भिंतीवरच्या शेवंताबाई

संध्याकाळी फिरायला निघाले की मी मुद्दाम शाळेमागच्या गल्लीतून जाते. तिथल्या भिंतीवर कुणा तरुण चित्रकारांनी आमच्या भाजीवाल्या शेवंताबाईंना रंगवलंय, पाटीसकट, अगदी माणसाच्या उंचीएवढं. खुद्द शेवंताबाई त्याच भिंतीला टेकून मेथी विकतात.

संक्रांतीनंतर एक दिवस चित्राच्या कपाळावर खरं हळदीकुंकू दिसलं.

"बाया हळदीकुंकवाला जाता-येता लावतात," शेवंताबाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला?"

"मला कोण लावतंय, ताई? मालक जाऊन लई वर्षं झाली."

आवाजात तक्रार नव्हती. मेथीवर पाणी शिंपडावं तितक्या सहज त्या बोलल्या.

मी जुडी घेऊन पुढे निघाले, पण ते मनातून जाईना. तेच नाक, तेच डोळे, तेच हसू. भिंतीला मात्र कुणी विधवा म्हणत नाही. चित्रातलीला मान मिळतो आणि तिच्या पायाशी बसलेलीला मेथीचा भाव विचारतात. मीही तोच विचारला होता.

वळणावर मागे पाहिलं. शेवंताबाई उठून पदरानं चित्राच्या तोंडावरची धूळ पुसत होत्या. कपाळाशी आल्यावर त्यांचा हात हळू झाला, कुंकू फिसकटणार नाही इतका.