बंपरवरचं गुलाबी स्वस्तिक

बायकोबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्यांदा आठवला तो फुटका बंपर.

नीलिमाला जाऊन आज वर्ष झालं. मला फारसं लिहिता येत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सांभाळून घ्या.

रिटायर झाल्यावर ती हट्टाने गाडी शिकली. लायसन्स मिळालं आणि त्याच आठवड्यात बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये, तिने गाडी खांबाला घातली.

वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, तो खांब आधीपासून तिथेच होता हो."

एरवी तिने काकांना सोडलं नसतं. त्या दिवशी सरळ जिना चढून गेली. किल्ली माझ्यासमोर ठेवली.

गॅरेजवाला म्हणाला, नवीन बंपर टाका. ती म्हणाली, "मी फोडलाय, मीच नीट करणार. होता तसा झाला तर गाडी चालवीन. नाहीतर आयुष्यभर रिक्षाच केली की."

मला कळलं, ती बंपरबद्दल बोलत नव्हती.

मग आमच्या गॅलरीत दोन स्टुलांवर तो पांढरा बंपर आडवा झाला. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि काम करायचं.

आतून बारीक जाळी लावून, सोल्डरिंगने प्लॅस्टिक वितळवून, चीर मी जोडली. वरून लांबी, म्हणजे चीर बुजवायची पुट्टी, तिने भरली. बंपर लवचिक असतो, त्यामुळे लांबीही लवचिक लागते. आम्ही आधी साधी भरली होती. ती तडकली. सगळी खरवडून पुन्हा भरली.

नंतर पाणी लावून पॉलिश पेपरने घासणं. आधी जाड, मग बारीक.

मी म्हणालो, "अगं, भांडी घासतेस का? हलक्या हाताने."

"भांडी कशी घासतात ते तुम्हाला कधी कळलं?"

मी पाणी बदलायला उठलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रायमर मारला. छान बसला. आता फक्त रंग राहिला होता.

दसऱ्याला मी खाली गाडीला हार घालून वर आलो, तर प्रायमरवर कुंकवाचं ओलं, ठसठशीत स्वस्तिक!

"हे काय केलंस?"

"अहो, गाडीची पूजा केलीत ना? मग बंपरने काय पाप केलंय?"

दुसऱ्या दिवशी ते पुसलं. थोडा डाग राहिला. म्हटलं, पांढऱ्या रंगाखाली जाईल.

गच्चीवर नेऊन स्प्रे मारला. संध्याकाळी बघतो तर रंगातून स्वस्तिक वर आलेलं. गुलाबी. अजून एक हात मारला. पुन्हा वर.

माझं धाबं दणाणलं. होता तसा झाला नव्हता. आता ही कसली गाडी चालवते!

मी पेपर घेऊन पुन्हा घासायला बसणार, तेवढ्यात ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. खांबानंतर पहिल्यांदाच.

"राहू दे हो. अशी गाडी अख्ख्या पुण्यात कुणाकडे नाही. बसवा तो बंपर आणि किल्ली द्या इकडे."

बंपर बसवला. गाडी खाली तिनेच सुरू केली. काका होतेच गॅलरीत. खांबाजवळून वळवताना काच खाली करून म्हणाली, "काका, खांबाला सांगा, मी निघाले!"

त्यानंतर तिने मला सगळीकडे फिरवलं. कात्रज चौकात मी डोळे मिटून घ्यायचो, ती नाही.

केमोला जातानासुद्धा गाडी तीच चालवायची. येताना मी. नंतर नंतर दोन्ही वेळा मी.

आता एकटाच असतो. तरी गाडीकडे गेलो की अजून डावीकडचंच दार उघडतो. आत बसतो. मग लक्षात येतं, चालवायचं आपल्यालाच आहे.

नीलिमा, तुझ्या शेजारी बसून फार छान फिरलो.

तुला मनापासून नमस्कार.